ब्रिगची बैठक

सकाळी सात वाजता इशबेलने स्वयंपाकघरात एका दमात दोन हुकूम सोडले. पहिला चौदा महिन्यांच्या एफीला, "उभी राहू नकोस." दुसरा तीन वर्षांच्या ब्रिगला, "बस." एफी आपल्या उंच खुर्चीत ताडकन उभी राहिली. ब्रिगने टेबलावर पुढचे पाय टेकले आणि ओटच्या लापशीचा वाडगा चाटून लख्ख केला. वाडगा सासऱ्यांचा होता.

"पोरी," खिडकीशी पाय लांब करून बसलेले सासरे, वॉटी, म्हणाले, "तू त्याला हुकूम देतेस की परवानगी मागतेस?"

"हुकूमच देतेय, वॉटी."

"मग त्याला कळू दे की! बस म्हणजे बस. तू म्हणतेस, बस हं, बसतोस ना, शहाणा ना तू. इतक्या गोडीनं तर मी लग्नाआधी तुझ्या सासूशीही बोललो नाही."

वॉटी टर्नबुल यांनी एक्केचाळीस वर्षे इस्टेटीवरचे शिकारीचे रान राखले होते. त्या काळात त्यांच्या कानांशेजारी इतक्या बंदुका उडाल्या होत्या की आता त्यांना मोठ्याने बोललेले ऐकू येई, हळू बोललेले ओठांवरून कळे आणि मधले सगळे वाया जाई. ब्रिग त्यांचाच. काळाभोर लॅब्राडोर, बंदुकीमागे चालणाऱ्या कुत्र्यांच्या अव्वल घराण्यातला. अशा कुत्र्याचे काम दोनच ओळींचे असते. बार उडाला, पक्षी पडला, तरी सांगेपर्यंत जागचे हलायचे नाही; आणि सांगितले की धावत जाऊन, दात न लावता, पक्षी मालकाच्या हातात आणून द्यायचा. यातली दुसरी ओळ ब्रिगला पाठ होती. पहिली त्याने वाचलीच नव्हती.

गेल्या ऑगस्टात गावच्या माळावर कुत्र्यांची परीक्षा झाली, तेव्हा ब्रिग चार सेकंद बसला. पाचव्या सेकंदाला तो चहाच्या तंबूत होता, आणि दहाव्याला चहा गरम ठेवणारी किटलीवरची लोकरीची टोपी तोंडात घेऊन वॉटींसमोर हजर. लोक हसले. त्याचे वॉटींना काही वाटले नाही. पण सँडी लेडलॉ हसला नाही, आणि ते त्यांना फार लागले.

सँडी शेजारच्या इस्टेटीचा जुना राखणदार. वॉटींचा पन्नास वर्षांचा मित्र, म्हणजे पन्नास वर्षांचा शत्रू. तो गंभीरपणे म्हणाला, "कुत्रा सोन्यासारखा आहे, वॉटी. बिचाऱ्याचं घर चुकलं."

वॉटींचे डोके तापले. "पुढच्या ऑगस्टात ह्याच माळावर दोन मिनिटं बसला नाही, तर घेऊन जा तुझ्या घरी!"

दोघांनी तळहातावर थुंकून हात मिळवले. असा हात मिळाला की विषय संपला. त्या खोऱ्यात वकिलांचे पोट भरत नसे ते याचमुळे.

मग मे महिन्यात वॉटींचा गुडघा बदलावा लागला. ड्रू, त्यांचा मुलगा आणि इशबेलचा नवरा, समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला. तीन आठवडे तिकडे, तीन आठवडे घरी, आणि घरी असला की बहुतेक झोपलेला. तेव्हा ब्रिगला शिकवायचे काम आपोआप इशबेलच्या गळ्यात पडले. इशबेलने एडिनबरात राहून वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती. खोऱ्यातल्या दगडादगडावरचे शेवाळ ती लॅटिन नावाने ओळखायची. पण शेवाळ कधी टेबलावर चढले नव्हते.

"तू काळजी नको करूस," वॉटी म्हणाले होते. "सोपं असतं. तू जे रोज, न चुकता, एकसारखं करशील, तेच त्याला हुकूम म्हणून कळणार. बास. एवढंच शास्त्र."

काळजी नको करूस, हे इशबेलला सांगणे म्हणजे तिथल्या आभाळाला गळू नकोस सांगण्यासारखे होते. ती द्राक्षाचे चार तुकडे करी आणि एफीला देण्याआधी ते मोजून बघी. एफी शांत झोपली तर श्वास चालू आहे ना हे पाहायला तिला उठवी. आणि आता तिच्या काळजीच्या यादीत ब्रिग सगळ्यात वर गेला होता. कारण एफी झोपायची ती ब्रिगचा कान मुठीत धरून. पाळण्याच्या कठड्यातून हात बाहेर, हातात कान, आणि कानाला जोडलेला ब्रिग रात्रभर जमिनीवर. ब्रिग सँडीकडे गेला तर एफी त्याचा कान धरायला रोज चार मैल जाणार होती का?

म्हणून ती मे महिन्यापासून रोज सकाळी नऊ वाजता बाहेर पडू लागली. एफी बाबागाडीत, ब्रिग बाजूला, शिट्टी गळ्यात. ओढ्याच्या कडेने वर गेले की मेंढ्यांचे एक उतरते कुरण होते. तिथे पोहोचेपर्यंत एफी झोपलेली असे. मग इशबेल बाबागाडी उभी करी आणि पायाने ब्रेक दाबी. खट्. एप्रिलमध्ये याच कुरणात ब्रेक अर्धवट लागून गाडी चार हात घरंगळली होती आणि एका मेंढीला टेकून थांबली होती. मेंढी तेव्हाच विसरली; इशबेल विसरली नव्हती. तेव्हापासून तिचा एका दाबण्यावर विश्वास उरला नव्हता. ती ब्रेक दाबी, तो खरेच लागला होता ना हे पाहायला सोडी, आणि पुन्हा दाबी. खट्, खट्, खट्. मग कुठे ती ब्रिगकडे वळून, एफी जागी होऊ नये म्हणून कुजबुजत "बस" म्हणे आणि शिट्टीत श्वास सोडल्यासारखी फुंकर मारी.

आणि ब्रिग बसे!

पहिल्या आठवड्यात दहा सेकंद बसला. दुसऱ्यात अर्धे मिनिट. जूनअखेर इशबेल त्याला तसाच बसवून दगडी कुंपणापर्यंत जाऊन परत येऊ लागली. कॅनव्हासची ती जाडजूड गुंडाळी, जिला सगळे डमी म्हणत, ती पक्ष्याऐवजी हवेत उडवली तरी ब्रिग नुसते डोळे फिरवी. मेंढ्या समोरून गेल्या. ससा गेला. पोस्टमन गेला, जो ब्रिगच्या दृष्टीने सशापेक्षा फार वरचा होता. ब्रिग ढिम्म. शिकवणी संपली की इशबेल ब्रेक सोडी, खट्, आणि तिघे घरी निघत.

फाटकावर रेलून वॉटी पाहत असत. तिथून त्यांना ऐकू काहीच येत नसे, दिसे मात्र सगळे.

"अगं, आवाज चढव जरा! ओठ हलतात तेवढे दिसतात मला."

"एफी झोपलीय!" इशबेल खुणेने सांगे.

"बसतोय पण लेकाचा," वॉटी स्वतःशी म्हणत. "कुजबुजून सांगितलं तरी बसतोय. एक्केचाळीस वर्षं मी उगाच ओरडलो म्हणायचं."

घरात मात्र ब्रिग कशाला म्हणून दाद देत नसे. घर वेगळे, रान वेगळे, असे वॉटींचे मत पडले, आणि तज्ज्ञाचे मत पडल्यावर इशबेलने त्यावर आणखी काळजी केली नाही. तिने ज्या काळज्या केल्या नाहीत त्यांतली ही एक, आणि नेमकी हीच करायला हवी होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. माळावर बंदुका उडणार, एफीच्या कानाला बाधेल, म्हणून इशबेलने तिला शेजारच्या जीनकडे ठेवले. जीनने स्वतःची पाच मुले वाढवली होती. इशबेलने तिच्या हातात तेवीस सूचनांची यादी दिली.

"सतरावी बघ जरा, जीन. पाणी कोमट हवं, पण कोमट म्हणजे—"

"इशबेल, जातेस, की कुत्र्याच्या आधी तुलाच दोरी लावू?"

माळावर वारा सुटला होता. चहाचा तंबू फडफडत होता. सहा कुत्री, सहा मालक. पाच पुरुष आणि इशबेल. परीक्षक ऑलिफंटबाई. त्यांच्या डोक्यावर पिसाची हॅट, काखेत गुंडाळलेली छत्री आणि चेहऱ्यावर, आपण माणसांपेक्षा कुत्र्यांना बरे ओळखतो, असा भाव. नियम जुनेच. बार उडेल, डमी पडेल, कुत्र्याने दोन मिनिटे हलायचे नाही. मग सांगितल्यावर आणायची. चहानंतर सगळ्यांची एकदम दुसरी फेरी, म्हणजे सकाळी जमले नाही त्याला आणखी एक संधी. त्यानंतर पुढचे वर्ष.

सँडी लेडलॉ आपल्या रॉकला घेऊन आला होता. रॉकही काळा लॅब्राडोर, पाच वर्षांचा, पण पुतळ्यासारखा. त्याला खाज सुटली तरी तो सँडीला विचारून खाजवी असे लोक म्हणत. सँडीच्या खिशातून कातड्याच्या नव्या कोऱ्या दोरीचे टोक डोकावत होते.

"ही कुणाला?" वॉटींनी दरडावून विचारले.

"पाहुण्याला," सँडी म्हणाला. "नवं घर, नवी दोरी."

इशबेल मनाशी म्हणाली, काय होणार आहे? तीन महिने बसलाय. पोस्टमन गेला तरी बसलाय. आज तर झोपलेले मूलही नाही जवळ. आज खणखणीत आवाज लावता येईल.

तिचा नंबर आला. ती ताठ उभी राहिली आणि वॉटींनाही ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बस!"

ब्रिगने तिच्या तोंडाकडे पाहिले. मग तिच्या पायांकडे. मग तिच्या पाठीमागे. प्रार्थनेची वेळ झाली आणि पाद्री अजून आलेच नाहीत, अशी त्याची मुद्रा झाली. इशबेलने शिट्टी वाजवली. इतक्या जोरात वाजलेली शिट्टी त्याने जन्मात ऐकली नव्हती. तो दचकला. तेवढ्यात बार उडाला, डमी हवेत गेली आणि तिच्यामागोमाग ब्रिग गेला.

डमी त्याने आणली, तिच्या हातात दिली. ती काही बोलेना, म्हणजे ही नसावी असे समजून तो शेजारच्या कुत्र्याची डमी घेऊन आला. तीही चालेना. मग त्याने डोके चालवले. गोल, लांबट आणि हातात मावेल असे काहीतरी हिला हवे आहे! त्याने ऑलिफंटबाईंच्या काखेतली छत्री आणली. कुणाचा तरी चहाचा थर्मास आणला. शेवटी तंबूत शिरून, टेबलावरचा जॅमचा रोल केक, अख्खा, अलगद, वरच्या साखरेचा कणही न सांडता, इशबेलच्या हातांवर आणून ठेवला. तिच्या हातांवर लाकडाची मोळी रचावी तशी रास झाली, आणि ब्रिग समोर उभा राहून शेपूट हलवत, आणखी काही, असे विचारत होता.

ऑलिफंटबाई जवळ आल्या. त्यांनी रोल केक सगळीकडून तपासला.

"दाताची खूण नाही," त्या म्हणाल्या. "इतकं हळुवार तोंड मी पंधरा वर्षांत पाहिलं नाही. तोंडाला पैकीच्या पैकी."

"आणि बसण्याला?" इशबेलने विचारले.

"बसण्याला काय देऊ? तो बसला कधी?"

तंबूच्या मागे इशबेल गवतावर बसली. समोर वॉटी काठीवर रेलून उभे होते. खाली बघत ते म्हणाले, "चूक तुझी नाही, पोरी. हात मी मिळवला."

"घरी बसायचा हो तो! म्हणजे कुरणात. तुम्ही पाहिलंय ना!"

"पाहिलंय. दोन डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून तर कळत नाही."

सँडी चहाचा पेला घेऊन आला. एरवी त्याने टोमणा मारला असता, पण इशबेलचा चेहरा पाहून त्यालाही अवघडल्यासारखे झाले. "हे बघ, मी त्याला उपाशी नाही ठेवणार. शेगडीजवळ जागा देईन. लेकराला रविवारी आणत जा."

इशबेलला रडू फुटणार, तेवढ्यात रडणे ऐकू आले. पण ते तिचे नव्हते. माळाच्या चढावरून जीन घामाघूम होऊन बाबागाडी ढकलत येत होती आणि गाडीत एफीने टिपेचा सूर लावला होता.

"काय झालं? ताप आहे? पडली? काही गिळलं?" इशबेल धावली.

"काही झालं नाही! झोपेला आलीय आणि झोपत नाही. तुझ्या तेवीसच्या तेवीस सूचना करून झाल्या. चोविसावी कुत्रा होती, ती लिहायला विसरलीस. हात असा बाहेर काढते आणि हवेत कान शोधते! धर बाई तुझी गाडी."

इशबेलने गाडी धरली. माळ उतरता होता. तिचा पाय तिला न विचारता ब्रेकवर गेला. खट्, खट्, खट्.

ब्रिग त्या वेळी मोकळा होता. सगळ्यांची नजर चुकवून तो पुन्हा तंबूकडे निघाला होता, त्याचे पुढचे दोन पाय तंबूच्या आतही पोहोचले होते. तो आहे तिथे बसला. अर्धा आत, अर्धा बाहेर. मागचा भाग गवतावर असा टेकला की जणू खिळा ठोकला.

आत कुणीतरी किंचाळले, "अहो, हा बघा पुन्हा आला!" मग थोड्या वेळाने, नवलाने, "पण बसलाय."

इशबेल एफीला उचलून थोपटत होती. तिचे लक्षच नव्हते. लक्ष होते जीनचे. पाच मुले वाढवणाऱ्या बाईला पाठीमागचे सगळे दिसते.

"इशबेल," ती सावकाश म्हणाली, "तो ब्रेक सोड बघू."

"का? गाडी घरंगळेल."

"मी धरते गं. सोड."

खट्. ब्रिग उठला आणि तंबूत गेला.

"आता लाव. नेहमी लावतेस तसा."

खट्, खट्, खट्. तंबूच्या आतून काही पडल्याचा आवाज आला नाही. इशबेलने वाकून पाहिले. केकच्या टेबलासमोर, नाकापासून वीतभर अंतरावर दुसरा रोल केक, आणि ब्रिग बसलेला. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत पोहोचली होती, पण बैठक मोडली नव्हती.

इशबेलचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. तीन महिने. तीन महिने ती पुस्तकातल्यासारखे "बस" म्हणत होती, शिट्टी फुंकत होती, वहीत नोंदी करत होती. आणि कुत्रा शिकला होता तिच्या घाबरटपणाकडून.

"काय झालं?" वॉटी लंगडत आले. "मला कुणी सांगेल का?"

जीनने त्यांच्या कानात ओरडून सगळे सांगितले. निम्म्या माळाने ते ऐकले. वॉटींनी बाबागाडीकडे पाहिले, मग सुनेकडे.

"रोज तीन वेळा दाबतेस?"

"हो."

"एकदाही चुकली नाहीस?"

"चुकेन कशी? गाडीत एफी असते!"

"आणि ते 'बस'?"

इशबेल ओशाळली. "ते कधी 'बस', कधी 'बस हं', कधी 'बस ना रे बाबा'..."

"मग!" वॉटींनी काठी जमिनीवर आपटली. "मी काय सांगितलं होतं? रोज, न चुकता, एकसारखं करशील तोच हुकूम. सांगितलेलं सगळं कुत्र्यानं ऐकलं. ऐकू आलं नाही ते मला!"

चहानंतर दुसरी फेरी सुरू झाली. पाच पुरुष, गळ्यात पाच शिट्ट्या, आणि ओळीच्या टोकाला इशबेल, हातात रिकामी बाबागाडी. एफी तंबूच्या पलीकडे जीनच्या मांडीवर होती. तिच्या कानांवर जीनचे दोन हात आणि त्यांवर किटलीची लोकरीची टोपी.

सँडीने हात वर केला. "बाई, माझी हरकत आहे. शिकारीच्या परीक्षेत बाबागाडी? उद्या कुणी पलंग आणेल."

ऑलिफंटबाईंनी नियमांचे पुस्तक काढले आणि वाऱ्यात पाने सांभाळत मोठ्याने वाचले. "मालकाने कुत्र्याला हात लावू नये. खाऊ देऊ नये. काठी उगारू नये. मद्य प्यालेले नसावे." शेवटच्या नियमाशी त्यांनी सँडीकडे जरा जास्त वेळ पाहिले. मग पुस्तक मिटले. "बाबागाडीबद्दल अक्षर नाही. मिस्टर लेडलॉ, ही गाडी कुत्र्यावर उगारता येईल असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही, पण—"

"मग उभे राहा."

इशबेलने गाडी उभी केली. रिकामी होती, घरंगळली असती तरी कुणाचे काही बिघडले नसते. तरी तिने दाबला, सोडला, दाबला. ब्रिगने ऐकले आणि बसला. ती वळली, तीस पावले चालत गेली. मागे बघायची तिची छाती झाली नाही.

बार उडाला. सहा डमी पडल्या. एक मिनिट गेले. तेवढ्यात, बाराने बिथरलेला एक भलामोठा रानससा गवतातून उठला आणि ओळीच्या समोरून, मुद्दाम केल्यासारखा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला.

पहिला कुत्रा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याने मालकाकडे एकदा माफी मागितल्यासारखे पाहिले आणि तोही सुटला, त्याच्यामागे चौथाही. शिट्ट्यांचा कल्लोळ झाला. आणि मग, पाच वर्षांत कुणी पाहिले नव्हते ते झाले. रॉक, सँडीचा पुतळा, उठला.

"रॉक!" सँडी ओरडला. "बस! अरे बस! बस ना रे बाबा!"

माळावर बसलेला एकच जीव उरला. बाबागाडीशेजारी काळाभोर ब्रिग, छाती पुढे, कान ताठ, आणि अंगभर अशी थरथर की शेपटीखालचे गवत हलत होते. दोन मिनिटे झाली. ऑलिफंटबाईंनी मान डोलावली.

"आण!" इशबेल लांबून म्हणाली.

ब्रिगने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

"आण, ब्रिग! जा!"

बैठक कायम. आता उठेल मग उठेल म्हणून लोक थांबले. ब्रिग ऑक्टोबरपर्यंत थांबायच्या तयारीत दिसत होता.

"पोरी!" माळाच्या कडेवरून वॉटी गरजले. "ब्रेक!"

इशबेल तीस पावले धावत आली आणि तिने ब्रेकवर पाय मारला. खट्. ब्रिग बंदुकीतून सुटावा तसा गेला, आपलीच डमी उचलली, बाकीच्या पाच डमींकडे ढुंकूनही न पाहता परत आला आणि तिच्या तळहातावर ठेवली. मग बाबागाडीत डोकावला, आत कुणी नाही हे पाहून काळजीत पडला आणि एफीला शोधायला निघाला.

ऑलिफंटबाईंनी कागदावर बरेच काही लिहिले. "हुकूम जरा आडवळणाचा आहे," त्या इशबेलला म्हणाल्या, "पण बैठक अशी मी पाहिली नाही. ऑक्टोबरात शिकारीला मात्र हलकी गाडी आणा. ही चिखलात रुतेल."

सँडी आला. रॉक त्याच्या मागे, मान खाली घालून. सँडीने तळहातावर थुंकून वॉटींचा हात दाबला, खिशातली नवी कोरी दोरी काढली आणि इशबेलला दिली.

"घर बरोबर आहे त्याचं," एवढेच म्हणाला आणि गेला.

पुढच्या गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या सामानाचा बाजार भरला होता. एफीचे बूट लहान झाले होते म्हणून इशबेल गेली. बुटांच्या टेबलापलीकडे, खेळणी आणि पाळण्यांच्या कोपऱ्यात, जीन विकायला बसली होती, आणि तिच्यासमोर अडुसष्ट वर्षांचा, जन्माचा ब्रह्मचारी सँडी लेडलॉ गुडघ्यावर बसून एका उंच चाकांच्या बाबागाडीच्या ब्रेकला कान लावून होता.

"हा जरा मऊ वाजतो," तो म्हणाला. "दुसरी आहे का?"

"लेकरू किती महिन्यांचं?" जीनने साळसूदपणे विचारले.

"पाच वर्षांचा आहे, आणि तुला माहितीय कोण." एवढ्यात त्याला इशबेल दिसली. तो लगबगीने उठला, टोपी नीट केली, इकडेतिकडे पाहिले आणि तिच्याजवळ येऊन आवाज खाली आणला.

"एक विचारायचं होतं. तू तीन वेळाच दाबतेस ना?"

"हो, तीनच."

"एकदा नीट दाबला तर नाही चालत?"

इशबेलला आजवर हा प्रश्न पुष्कळांनी विचारला होता. नवऱ्याने हसून, सासऱ्यांनी वैतागून, जीनने कपाळावर हात मारून. कुणी शिकायचे म्हणून विचारत आहे, ही पहिलीच खेप. तिने एफीला दुसऱ्या कडेवर घेतले आणि गंभीरपणे सांगितले, "नाही हो. एकदा दाबून खात्री कुठे होते?"

सँडीने मान डोलावली. परत जाऊन त्याने दुसऱ्या गाडीचा ब्रेक दाबला, सोडला, दाबला. थोडा वेळ विचारात उभा राहिला. मग, कुणी बघत नाही असे पाहून, चौथ्यांदा दाबला.